मदत हवी आहे : रोमन ब्रोच नक्की कधीचा? (शनिवारच्या आत)

सुमंत_लि :
नमस्कार मंडळी. रविवारी शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना एक ब्रोच (कपडे अडकवायची शोभेची पिन) मिळाला. रोमन आहे एवढं नक्की. फोटो जोडलाय. दोन रात्री नेटवर घालवल्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव आणि वेगळा काळ. शेतमालक शनिवारी भेटणार, त्याला ठोस सांगायचंय. प्रकार कोणता, साल कुठलं? "म्युझियमला विचारा" एवढंच कृपया सांगू नका, तिथली भेट पुढच्या महिन्यात मिळालीय.

वाटसरू :
कुठलं शेत? भारतात असाल तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. १० रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आधी ते करा.

सुमंत_लि :
अहो, लिंकनशायर, इंग्लंड! मालकाची लेखी परवानगी आहे. रोमन म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

मीना_म :
नुसत्या पुढच्या फोटोवर काही सांगता येत नाही. ब्रोच उलटा करा. सुई कशी बसवलीय? तारेच्या गुंडाळीची स्प्रिंग, की बिजागरी? खाली सुईचं टोक अडकवायची खोबण शाबूत आहे का? लांबी किती?

दापोलीकर :
आधी साफ करा की! चिंच-मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, लखलखीत होईल. आमची समई दर दिवाळीला अशीच उजळते.

मीना_म :
दापोलीकर, कृपया नको. समई रोज हाताळली जाते, ही वस्तू दोन हजार वर्षं मातीत होती. तो गुळगुळीत हिरवा थर म्हणजेच तिचा मूळ पृष्ठभाग. आंबट लावलं की नक्षी गेली. मी आजोबांचं एक जुनं तांब्याचं नाणं असंच घासलं होतं, आता त्यावर एक अक्षर दिसत नाही. वीस वर्षं झाली, अजून वाईट वाटतं. सुमंत, माती ओली असताना मऊ ब्रशने जेवढी निघेल तेवढीच. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

ओक_ब :
सोपा नियम सांगतो. स्प्रिंग असेल तर जुना, बिजागरी असेल तर नंतरचा.

मीना_म :
हा नियम फसवतो. ट्रम्पेट ब्रोच दुसऱ्या शतकातले, त्यांना स्प्रिंग असते. उलट ऑसिसा हा प्रकार बिजागरीचा, आणि तो पहिल्या शतकातच सैन्याबरोबर ब्रिटनमध्ये आला.

ओक_ब :
कोल्चेस्टर प्रकार स्प्रिंगचाच आहे आणि तो सगळ्यांत आधीचा आहे ना?

मीना_म :
आधीचा आहे, मान्य. पण त्याची स्प्रिंग आणि कमान एकाच तुकड्यातून ओढलेली असते, काळ त्यावरून ठरतो. नुसती स्प्रिंग आहे म्हणून नाही.

सुमंत_लि :
उलटा फोटो टाकला. ४८ मिलिमीटर. बिजागरी आहे. डोक्याकडे पत्रा वळवून नळी केलीय. वरच्या भागावर उभ्या रेघा, बाजूंना छोटे कान, खालचा भाग चपटा आणि निमुळता, टोकाला गोळी. खाचांमध्ये चांदी चमकतेय! चांदी असेल तर हे सरकारजमा होणार का?

कर्णिक_नाशिक :
किंमत काय येईल? लिलावाच्या साइटवर बघितलंत का?

मीना_म :
सुमंत, ती चांदी नाही, कल्हई आहे. पितळेच्या पातेल्यांना करायचे तीच, कथलाची. या ब्रोचवर ती चांदीसारखं दिसावं म्हणून असायची, आणि खाचांत हाताचं घर्षण पोचत नाही म्हणून तिथे टिकते. तुम्ही सांगताय त्यावरून हा हॉड हिल प्रकार. डॉर्सेटमधल्या त्या टेकडीवर जुन्या किल्ल्याच्या कोपऱ्यात रोमन सैन्याने छावणी उभारली होती, त्यावरून नाव पडलं. इ. स. ४३ च्या स्वारीबरोबर आला, साधारण ७० पर्यंत वापरातून गेला. एकच साल कोणी सांगू शकणार नाही, तीसेक वर्षांचा पट्टा सांगा. चिंच लावली असती तर ही कल्हईच आधी गेली असती.
तिथल्या कायद्याने जुनी चांदीची वस्तू 'ट्रेझर' म्हणजे गुप्तधन ठरते, सुटा काशाचा ब्रोच सहसा ठरत नाही. तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, तिच्या तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याकडे नोंद कराच. १० लाखांहून जास्त वस्तूंची नोंद त्यांच्याकडे आहे. आणि जागा जीपीएसने टिपून ठेवा. जागा हरवली तर नुसता दागिना उरतो.

देशमुख_तेर :
अवांतर : रोमन बघायचं तर कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला काशाचा पोसायडन (समुद्रदेव) आहे. आमच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पॉम्पेई या रोमन शहरात मिळालेल्या मूर्तीची जवळची नातलग. जाऊन याच.

ओक_ब :
पण तिथे ब्रोच मिळालेत का?

देशमुख_तेर :
मी ब्रोचचं म्हटलंच नाही. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणांचं म्हटलं.

मीना_म :
सुमंत, एक बघा. नळीच्या आतली आडवी सळई या प्रकारात पुष्कळदा लोखंडाची असते. टोकाला तांबूस गंज दिसतो का?

सुमंत_लि :
भिंगातून पाहिलं. डाव्या टोकाला मोहरीएवढा तांबूस ठिपका आहे. मी माती समजून कोरणार होतो.
मालकाला आजच फोन केला. म्हणाला, त्याच बांधाजवळ त्याच्या वडिलांना नांगरताना असंच काहीतरी मिळालं होतं, बटणांच्या डब्यात आहे. शनिवारी आणतोय. मागची बाजू आधी टिपेन, मोजपट्टी ठेवून.