मदत हवी आहे: सीए इंटर टॅक्सेशनचे जुने एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) ठेवावेत की काढावेत?

नमस्कार मंडळी. मे 2024 पासून 100 पैकी 30 गुण एमसीक्यूचे आहेत. टॅक्सेशनमध्ये इन्कम टॅक्सला 15 आणि जीएसटीला 15. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे उत्तराचा एकही गोळा रिकामा सोडायचा नाही, इथपर्यंत ठीक.

खरी अडचण जुन्या प्रश्नसंचांची आहे. कलम 112अ चा (लिस्टेड शेअर्सवरच्या दीर्घकालीन नफ्यावरील कराचा) दर 23 जुलै 2024 पासून 10 टक्क्यांवरून 12.5 टक्के झाला, सूट 1 लाखावरून 1.25 लाखावर गेली. नव्या टॅक्स रेजीममध्ये पगारदारांची स्टँडर्ड डिडक्शन 50,000 ची 75,000 झाली. जुन्या संचांच्या उत्तरसूचीत अजून जुनेच आकडे, आणि ते एकदा डोक्यात बसले की पुसणं फार कठीण! सध्याची पद्धत अशी: आधी स्टॅच्युटरी अपडेट (कायद्यातल्या बदलांची यादी) वाचायचं, बदललेल्या कलमांवरचे प्रश्न लाल पेनाने खोडायचे, मग उरलेले सोडवायचे. पण खोडण्यातच वेळ जातो. जुने प्रश्न नव्या आकड्यांनी पुन्हा सोडवण्याचा फायदा कुणाला झालाय का?

दुसरं म्हणजे वेळ. 30 गुणांच्या हिशोबाने 180 पैकी 54 मिनिटं येतात. केस सिनॅरिओत (एका उताऱ्यावरच्या अनेक प्रश्नांत) आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचावा का? उलट क्रमाने तारखा आणि रहिवासी दर्जा हमखास निसटतात.

चुकांच्या वहीत फक्त बरोबर उत्तर लिहून भागत नाही, बाकीचे तीन पर्याय का चूक हेही लिहावं लागतं. रोज असे किती प्रश्न झेपतात? अनुभवी लोकांनी आकड्यांसह सांगा, प्लीज.