मदत हवी आहे: गिऱ्हाइकांना दिवाळीचं कार्ड पाठवायचंय

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागवाले. व्हॉट्सॲपवरचे पणत्यांचे फोटो हल्ली कुणी उघडतही नाही, म्हणून यंदा हाताने लिहिलेली कार्डं टपालाने पाठवावी म्हणतोय.

एकाला असं लिहिलंय: "पावसात मोटार जळाली त्या रात्री तुम्ही दोनदा चहा पाजलात, लक्षात आहे. दीपावलीच्या शुभेच्छा." एवढंच पुरे ना? धाकटा भाऊ म्हणतो, खाली सर्व्हिसिंगची सवलत टाक. मला ते पटत नाही; मग कार्ड कसलं, ती जाहिरातच झाली.

खरी अडचण उधारीवाल्यांची. ज्यांचं बिल थकलंय त्यांना नेमकं दिवाळीत कार्ड गेलं तर तगादा वाटेल का? वगळलं तर तेही बरं दिसत नाही. पाडव्याला वहीपूजन झाल्यावर पाठवू?

मुस्लिम गिऱ्हाइकांना दिवाळीलाच पाठवता की ईदला वेगळं? आणि ५० पैशांचं पोस्टकार्ड फारच साधं दिसेल की पुण्याच्या हातकागदाचं पाकीट घेऊ? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा, जमल्यास मजकुरासकट.