शब्दचर्चा: नेम, निरंतर, मनन, ऐकणे

परभणी: जय ख्रिस्त. तरुण संघासाठी रोजच्या प्रार्थनेवर चार पानांची पुस्तिका करायची आहे. ‘प्रार्थनेतील सातत्य’ हे शीर्षक कोरडं वाटतं. आणि ‘देवाचं ऐकणे’ म्हटलं की मुलं कानावर आवाज पडायची वाट बघत बसतात. शब्द सुचवा.

जालना: ‘सातत्य’ काढा, ‘नेम’ घाला. पैठणपासून नर्सीपर्यंत आपल्या मुलखात हरिपाठाचा नेम, वारीचा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. ख्रिस्ती घरातही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नेम धरतात, चालवतात, आणि तो मोडतोही. सातत्याला अशी क्रियापदं नाहीत.

मात्र नेम लहान धरायला सांगा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तासाभराचा संकल्प होतो आणि संक्रांतीच्या आत गळून पडतो. सुरुवातीला २० मिनिटं पुरेत. दुसरं, नेम घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. ‘पहाटे ५’ लिहिलं आणि नेमका तेव्हाच नळ आला किंवा शेतातली लाइट आली, की झालं. ‘पहिल्या चहाआधी’ असं लिहा. पाणी कधीही येवो, चहा रोज होतोच.

उदगीर: दादा, नेम पटला. पण एकदा मोडला की मुलं लाजून सोडूनच देतात. तिथं ‘निरंतर’ कामाला येतो. बायबलातलं पौलाचं पत्र, १ थेस्सलनीकाकरांस ५:१७, ‘निरंतर प्रार्थना करा.’ निर् अधिक अंतर. हे चोवीस तास डोळे मिटून बसणं नव्हे, अंतर पडू न देणं आहे. आपल्या बोलीत ‘प्रार्थना करायलो’ म्हणजे आत्ता चालू आहे, ‘प्रार्थना करतो’ म्हणजे वागण्यातच आहे; पौलाचं वाक्य या दुसऱ्याच्या बाजूचं. म्हणून एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच करावं. भरपाई म्हणून दुप्पट करायला गेलं की तिसऱ्या दिवशी टाळाटाळ ठरलेली.

संभाजीनगर: ‘मनन’कडे लक्ष द्या. मराठीत तो गप्प राहून विचार करण्याचा शब्द झालाय. बायबलातल्या पहिल्या स्तोत्रात जिथं ‘मनन’ येतं, तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे असा आहे. तेच क्रियापद यशयाच्या पुस्तकात ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी आलंय. म्हणजे मननात ओठ हलायला हवेत. ११९वं स्तोत्र घ्या: १७६ वचनं, प्रत्येकी ८ वचनांचे २२ भाग. रोज एक भाग, २२ दिवस. दोनदा हळू आवाजात वाचा, जिथं अडखळाल ते एकच वचन पाच मिनिटं पुटपुटत राहा, मग पाच मिनिटं गप्प. शेजारी वही ठेवा. गॅसचा नंबर लावायचा राहिला हे तेव्हाच आठवतं. ते लिहून टाकलं की डोक्यातून उतरतं. वाचन छापील प्रतीतूनच करा, फोन हातात घेतला की निरोप दिसतात आणि मनन तिथंच संपतं.

जालना: ‘ऐकणे’ बदलू नका, तो फार मोलाचा आहे. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा पोरगं बहिरं नसतं. हिब्रूतल्या ‘शमा’लाही हेच दोन्ही अर्थ आहेत, कानांनी ऐकणं आणि मानणं. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ६:४ मध्ये त्याचं ‘श्रवण कर’ असं भाषांतर आहे. शब्द भारदस्त, पण त्यात मानण्याचा अर्थ पातळ होतो. गप्प बसल्यावर काहीच ‘ऐकू’ आलं नाही, तरी वाचलेल्या वचनातली एक गोष्ट त्या दिवशी पाळली, तर ते ऐकणंच आहे. पुस्तिकेत हे ठळक छापा.

परभणी: आणि ‘देवाने मला सांगितलं’?

उदगीर: ताई, हे वाक्य मुलांच्या तोंडी इतक्या लवकर देऊ नका. ‘मला असं वाटायलंय’ म्हणू द्या. बायबलात लहानग्या शमुवेलाला देवाची हाक आली तेव्हा तीनदा तो एली याजकाकडेच धावला. हाक कुणाची ते म्हाताऱ्या एलीने ओळखलं. थेस्सलनीकाकरांसच्या त्याच ५व्या अध्यायात २१व्या वचनात ‘पारख करा’ आहे. पारख हा सराफाचा शब्द, कसोटीवर घासून बघण्याचा. वाटलेलं तारीख घालून लिहा. शास्त्रवचनाविरुद्ध असेल तर तिथंच खोडा. नसेल तर पाळकसाहेब किंवा मंडळीतल्या जाणत्या दोघांना दाखवा. लग्न, नोकरी, जमीन असा विषय असला तर थांबा. ‘आजच कर’ अशी घाई आतून उठत असेल, तर ती बहुतेक वेळा भीतीची असते. सगळ्यात जास्त फसगत इथं होते, कारण देवाचं नाव घेतल्यावर समोरचा वाद घालत नाही.

‘दृष्टांत’ही जपून वापरा. शाळेत तो अलंकार, मराठी बायबलात दर्शन, मुलं गोंधळतात.

परभणी: दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेला मध्यस्थी म्हणू की रदबदली?

संभाजीनगर: रदबदली. मध्यस्थ एकच, ख्रिस्त, १ तीमथ्य २:५. आणि रोज सगळी नावं घेऊ नका, घोकंपट्टी होते. वहीत सात वार पाडा, वाराला तीन नावं.