पुण्यातून दोन रात्रींचा कॅम्प: व्हॅनच्या छतावर सोलर हवंच कशाला?

पौडरोडकर
शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतणाऱ्याला सोलरही नको, जनरेटरही नको. आधी हिशेब करा. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ४० टक्के वेळ चालतो, दिवसाचे ४३० वॉट-तास. २५ वॉटचा पंखा नऊ तास, २२५. दिवे-मोबाइल १००. झाले ७५०. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९० टक्के वापरली तरी २,३०० देते, म्हणजे तीन दिवस. सोबत ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे चालत्या गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा. भंडारदऱ्याच्या चार तासांत १२० अँपिअर-तास भरतात. नुसत्या रिलेवर, म्हणजे गाडीची बॅटरी हिला थेट जोडणाऱ्या स्विचवर, भागवू नका. बीएस-६ गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारा) चालत्या गाडीत व्होल्टेज उतरवतो, बॅटरी अर्धीच राहते.

सिंहगडपायथा
भंडारदरा बरं निवडलंत! मुळशी दीड तासावर. तेवढ्यात ४५ अँपिअर-तासच भरतात, पाऊण दिवसाचा खर्च. २०० वॉटचं पॅनेल मार्च-एप्रिलमध्ये सपाट ठेवूनही ७००-८०० वॉट-तास देतं. मग १०० अँपिअर-तासाची बॅटरी पुरते.

घोळ होतो तो बसवताना. पॅनेल थेट पत्र्याला चिकटवतात. खाली चार-पाच सेंटिमीटर हवा खेळायला हवी, कारण २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते आणि एप्रिलच्या उन्हात सेल ६५ अंशांना सहज जातो. कॅरिअरच्या दांडीची सावली एकाच सेलवर पडली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होऊ शकतो. एमपीपीटीला (पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर) आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल.

पौडरोडकर
आणि सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ते पॅनेल काय करतं?

ताम्हिणीकाठ
दोघंही जुलै विसरलात. घाटात ढग उतरले की पॅनेलने पाचवा हिस्सा दिला तरी नशीब. चार दिवस एकाच जागी, वर इंडक्शन: १,५०० वॉट, २० मिनिटं, दोन वेळा, हजार वॉट-तास. एक केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर आणि ३० अँपिअरचा लिथियम चार्जर असला की ८० अँपिअर-तास पावणेतीन तासांत परत.

सिंहगडपायथा
छोटी गॅस शेगडी घ्या की! बाकी जनरेटरचं खरं दुखणं आवाज नाही, पडून राहणं. महिनोन्महिने तसंच ठेवलेलं पेट्रोल चिकट होतं, कार्ब्युरेटरचा बारीक जेट तुंबतो, आणि ऐन पावसात दोरी ओढत बसायचं. ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. आणि भिजू नये म्हणून व्हॅनच्या छपराखाली आणून ठेवतात, तो शुद्ध वेडेपणा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नसतो. किमान सहा मीटर लांब, वारा धूर दूर नेईल अशा बाजूला, आणि झोपायच्या जागी सीओ अलार्म.

ताम्हिणीकाठ
अलार्म मान्य. इंडक्शन सोडणार नाही.

पौडरोडकर
मग १०० ची बॅटरी विसरा. १,५०० वॉटला इन्व्हर्टर १३० अँपिअर ओढतो, १०० च्या बॅटरीचं बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) बहुधा १०० अँपिअरलाच तोडतं. दूध उतू जायच्या आधी इन्व्हर्टर बंद! २०० ची घ्या, केबल ५० चौरस मिलिमीटर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. केबलच्या टोकाचे धातूचे लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा. पकडीने दाबलेल्या लगशेजारचं इन्सुलेशन तपकिरी पडायला लागतं, तेव्हा जोड तापतोय हे ओळखा.

सिंहगडपायथा
२०० ची बॅटरी, ५० ची केबल आणि मोठा इन्व्हर्टर, सगळं चहासाठी. गॅस.