मदत हवी आहे: पुरात बुडालेलं डेडबोल्ट उघडलं, पिनांचा क्रम गेला

नमस्कार.

प्रश्न आधी लिहिते, तपशील खाली आहे. पाच पिनांच्या डेडबोल्टचा गाभा, म्हणजे किल्ली जाते तो फिरणारा पितळी भाग, मी बाहेर काढला आणि त्यातल्या पिना एकमेकींत मिसळल्या. किल्ली माझ्याकडे आहे. किल्लीवरून कुठली पिन कुठल्या भोकातली हे ठरवता येतं का? दुसरं, प्रत्येक भोकात खाली टोकदार पिन, तिच्यावर सपाट पिन आणि तिच्यावर स्प्रिंग असते; त्या वरच्या पिनांपैकी एक बाहेरच्या साच्यात (गाभा ज्यात बसतो त्या कवचात) घट्ट अडकली आहे. साच्याला इजा न करता ती कशी काढू?

मी गुहागरला राहते, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. कुलपं उघडून बघायचा नाद सहा वर्षांचा. आजवर पितळी टाळी बरीच आणि नाइट लॅच दोन खोलले, परत जोडलेही. डेडबोल्ट मात्र पहिलंच.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: नाइट लॅचच्या जिभेला उतार असतो आणि मागे स्प्रिंग, त्यामुळे दार ओढलं की जीभ आपसूक बसते. डेडबोल्टमागे स्प्रिंगच नाही. बाहेरून किल्ली किंवा आतून फिरकी फिरवल्याशिवाय बोल्ट पुढे येत नाही, आणि बोटाने दाबून मागेही जात नाही. आमच्या जुन्या घराच्या दाराला भिंतीतल्या भोकातून ओढायचा लाकडी अडसर होता. डेडबोल्ट म्हणजे किल्लीने सरकणारा अडसर. हे डोक्यात बसलं तेव्हापासून या कुलपावर माझा जीव आहे.

आणि हे कुलूप साधं नाही. माझ्या मामांनी १९९८ साली कुवेतहून येताना ते आणलं आणि चिपळूणच्या घराला बसवलं. मामा आता नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी चढल्या तेव्हा मामीच्या तळमजल्याच्या घरात पाणी दाराच्या चौकटीवर गेलं. दार फुगलं, प्लायचे पापुद्रे सुटले. सुताराने ते काढून टाकलं तेव्हा मामीने कुलूप तेवढं सोडवून घेतलं. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलं. दार गेलं, कुलूप डब्यात, पण किल्ली मामीच्या जुडग्यातून कधी निघाली नाही. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा तिने जुडगा सोडवून ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "अगो, बघ उघडून. बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडणार?" माडीवरच्या खोलीला नवीन दार बसवायचं आहे, त्याला हेच लावायची तिची इच्छा आहे. म्हणून "नवीन घ्या, स्वस्त मिळतं" हे कृपया सुचवू नका.

आता केलं ते सांगते. किल्ली अर्धीच जात होती. भोकात सुकलेला चॉकलेटी गाळ, कडेला हिरवा कळंक, बाहेरच्या कड्यावर पांढरी भुकटी. शिलाई मशीनचं तेल सोडलं, किल्ली आतबाहेर करत राहिले, तासाभराने ती पूर्ण गेली आणि थोडी फिरलीही. मागची शेपटी (बोल्टच्या खाचेत जाते ती पट्टी) आणि सी आकाराची क्लिप काढली. मग किल्ली जराशी फिरवून गाभा मागून पेन्सिलीने पुढे ढकलला. इथे चुकले. पेन्सिल ७ मिलिमीटरची, गाभा व्हर्नियरवर १२.७ भरतो. गाभा सुटला तशा वरच्या पिना आणि स्प्रिंगा त्या मोकळ्या जागेत उतरल्या आणि परातीत टणटण पडल्या. त्यापुढची चूक त्याहून वाईट. गाभ्यात अजून गाळ दिसला म्हणून फुंकर मारायला तो उलटा केला, आणि खालच्या पाचही पिना त्याच परातीत.

परातीत सध्या हे आहे. टोक असलेल्या खालच्या पिना पाच, लांबी मिलिमीटरमध्ये ४.६, ५.३, ५.३, ६.१ आणि ६.९. वरच्या सपाट पिना चार, लांबीला सगळ्या सारख्या. स्प्रिंगा चार. पाचवी वरची पिन आणि तिची स्प्रिंग साच्याच्या सर्वांत आतल्या भोकात. चिमट्याने हलत नाही.

दोन उपप्रश्न. वरच्या चारांतली एक पिन मधे बारीक आहे, डमरूसारखी. ती खाऱ्या हवेने झिजली असेल का? आणि बोल्ट हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. तुटलंय का?

जुनाफिटर:

ताई, क्रम गेला म्हणून घाबरू नका. क्रम किल्लीतच आहे. गाभा आधी स्वच्छ करा, किल्ली पूर्ण आत घाला, भोकं वर येतील असा गाभा धरा. किल्लीची खाच जितकी खोल, तितकी त्या भोकातली पिन लांब. एकेक पिन टोक खाली ठेवून सोडा. बरोबर असेल तर तिचं वरचं तोंड गाभ्याच्या पाठीशी सपाट येईल. नखाला अडली तर जास्त लांब आहे, नख खड्ड्यात गेलं तर आखूड. पाच मिनिटांचं काम आहे. लायनस येल ज्युनियरने १८६१ आणि १८६५ मध्ये या कुलपाची पेटंटं घेतली. तेव्हापासून तत्त्व हेच: बरोबर किल्लीने सगळ्या जोड्यांचा सांधा, म्हणजे खालची आणि वरची पिन टेकतात ती जागा, एका रेषेत यायचा, आणि तरच गाभा फिरायचा.

डमरू झिजलेली नाही, मुद्दाम तशी कातलेली आहे. कुणी तारेने उघडायला गेलं तर ती कंबर सांध्यात अडकते आणि कुलूप उघडल्यासारखं वाटून अडून बसतं. किल्लीला तिचा काही त्रास नाही, कुठल्याही भोकात घातली तरी चालेल. बोल्टमधलं खुळखुळणंही तुटकं नाही. आत कडक पोलादाची मोकळी कांडी असते. करवत तिच्यापर्यंत पोचली की ती जागच्या जागी गोल फिरते, पातं चावत नाही.

आणि पेन्सिल नको. गाभ्याच्याच जाडीची काठी हवी. गाभा आणि काठी एकमेकांना चिकटून सरकली पाहिजेत, मधे फट पडता कामा नये.

सड्यावरून:

माफ करा, पण विचारतोच. असल्या गोष्टी उघड्यावर लिहाव्यात का? उद्या कुणी याचा गैरवापर केला तर?

किल्लीवाली (धागाकर्ती):

विचारलंत ते बरं झालं. कुलूप मामीचं, तिच्या सांगण्यावरून उघडलं, ते ज्या दारावर होतं ते दारही आता नाही. मी दोन गोष्टी पाळते: दुसऱ्याच्या कुलपाला हात लावत नाही, आणि दारावर वापरात असलेलं कुलूप, स्वतःचं असलं तरी, खोलत नाही. वर लिहिलेलं सगळं हातात किल्ली असताना करायचं आहे. चोराला यात काही मिळणार नाही. ज्याचं कुलूप खारा वारा खाऊन दर दोन पावसाळ्यांनी अडतं आणि जो ते फेकून देतो, त्या माणसाला मात्र मिळेल.

जुनाफिटर, मनापासून आभार. पाच पिनांचे १२० क्रम, दोन सारख्या म्हणून ६०, ते एकेक करून बघायची माझी तयारी होती! ज्या रेषेवर सांधे जुळतात तिला मी शेताच्या बांधासारखी शीव म्हणायला लागले आहे. आज रात्री बसते.

बंदरावरचा:

अडकलेल्या पिनेबद्दल. तेल आता थांबवा. पुराचा गाळ ही चिकणमाती आहे, ती पाण्याने सुटते. तेलात कालवली की तिचा लगदा होऊन आणखी घट्ट बसते. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, त्यात नुसता साचा रात्रभर. सकाळी पाणी बदला, पुन्हा रात्रभर. नंतर पिनांची भोकं वरच्या बाजूला येतील असा साचा धरून लाकडी पाटावर हलके ठोके द्या, म्हणजे पिन आपल्या वजनाने मधल्या पोकळीत उतरेल. ड्रिल अजिबात नको. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांनी कळंक जातो खरा, पण तासन्तास बुडवून ठेवू नका, आंबट पितळही खातं. एक तपासा: पितळावर कुठे तांबूस, सच्छिद्र डाग आहेत का? मिठाच्या पाण्याने पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे नुसतं तांबं राहतं, तो भाग ठिसूळ होतो. पांढरी भुकटी पितळाची नव्हे. ते कडं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असणार.

किल्लीवाली (धागाकर्ती):

पाच दिवसांनी लिहिते आहे.

क्रम सापडला. पुढून मागे: ५.३, ६.९, ४.६, ५.३, ६.१. चार ठिकाणी नख गुळगुळीत सरकतं. तिसऱ्या भोकात पिन केसभर खाली राहते. आधी वाटलं पिन चुकली, पण दुसरी कुठली तिथे बसतच नाही. किल्ली भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं, ती खाच तळाशी घासून चकचकीत झाली आहे. वीस-बावीस वर्षं रोज फिरलेली किल्ली.

अडकलेली पिन दुसऱ्या रात्रीनंतर सुटली. पाटावर ठोके देताना आवाज बदलला, ठक्‌ ऐवजी टिक्‌, आणि पिन बाहेर. मागून स्प्रिंग आली ती लाल भुगा होऊन. बाकीच्या चार स्प्रिंगा पिवळसर आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही, हीच एक लोखंडी निघाली. बहुतेक मामांनी कधीतरी दुरुस्त करून घेतलं असावं, मामीला आठवत नाही. तांबूस डाग शोधले, गाभ्याच्या तोंडावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक आहे, आत नाही.

आता स्प्रिंग कुठून आणू? बॉलपेनची चालेल?

जुनाफिटर:

बॉलपेनची नको, भोकात जाणारच नाही. भंगारातला नाइट लॅच असेल तर त्याच्या सिलिंडरमधली (किल्ली जाते त्या भागातली) काढा, नाहीतर किल्लीवाल्याकडे मागा, त्याच्याकडे डबीभर असतात. आणि खालची पिन केसभर खाली असेल तर तशीच राहू द्या. कानस लावू नका, पिनेलाही नाही आणि गाभ्यालाही नाही.

किल्लीवाली (धागाकर्ती):

झालं! सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

स्प्रिंग माझ्याच जुन्या नाइट लॅचमधली बसली. काठीसाठी चिवा (बारीक बांबू) घेतला, पॉलिश पेपरने घासत घासत १२.६ वर आणला. दोन संध्याकाळी गेल्या, पण काठी साच्यात अशी सरकते की हाताला कळत नाही. वरच्या पिना भरणं सगळ्यांत अवघड गेलं. काठी मागून थोडी आत, पहिलं भोक उघडं. चिमट्याने स्प्रिंग, तिच्यावर पिन, पिन दाबून धरायची आणि काठी तिच्यावर सरकवायची. मग पुढचं भोक. तिसऱ्या भोकाशी दोनदा स्प्रिंग उडाली. म्हणून साचा आणि हात दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम केलं, मग काही हरवलं नाही. डमरू चौथ्या भोकात ठेवली. नंतर गाभा किल्लीसकट पुढून आत आणि काठी मागून बाहेर, दोन्ही एकमेकांना टेकवून, गाभा किंचित फिरवलेलाच.

किल्ली सरळ केली आणि पाचही पिनांची टिकटिक बोटांना लागली. गाभा फिरला. क्लिप, शेपटी, बोल्ट, सगळं जोडून लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं. पहिल्यांदा बोल्ट बाहेर आल्यावर किल्ली निघेना, कारण शेपटी बोल्टच्या खाचेत वाकडी गेली होती. किल्ली निघते त्या जागी गाभा ठेवून शेपटी पुन्हा बसवली, मग सुरळीत.

वंगणाबद्दल एक विचारायचं आहे. मामी म्हणते खोबरेल घाल, तिच्याकडे सगळ्या कुलपांना तेच. मी ग्रॅफाइटची पूड आणून ठेवली आहे.

बंदरावरचा:

खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरून चिकट होतं, ते नको. ग्रॅफाइट कोरड्या हवेत उत्तम, पण खारट ओल आणि ग्रॅफाइट एकत्र आले की धातू लवकर गंजतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मी ते वापरत नाही. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मिळाला तर तो, नाहीतर मशीनच्या तेलाचा एक थेंब, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. थेंब किल्लीवर लावा, भोकात ओतू नका.

किल्लीवाली (धागाकर्ती):

ग्रॅफाइट परत कपाटात. स्प्रे चिपळूणला मिळतो का बघते, रविवारी कुलूप घेऊन मामीकडे जायचंच आहे. बाजारातून करून घेतलेली डुप्लिकेट मात्र फिरत नाही, तिच्या दोन खाचा उथळ आहेत. मूळ किल्ली झिजलेली, तिच्यावरून छाप काढली तर झीजही उतरेल. पिनांची लांबी सांगून त्या मापाने खाचा कापून देणारा कुणी रत्नागिरी किंवा चिपळूणला आहे का? माहीत असेल तर इथेच कळवा.