केळीवाल्याला मार कशाने बसतो, भावाने की अर्धवट माहितीने?

तापीकाठ : रावेर-यावलच्या दोन-तीन एकरवाल्याला जो तो सांगतोय, आधुनिक तंत्र शिका. मला हे पटत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाची लागवड) कधी धरायची, घड थंडीत खोडाच्या पोटातच का अडकतो, खोडाशेजारचं कोणतं पिल (फुटवा) राखायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको. तो मार खातो कटाईच्या दिवशी. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव मोबाईलवर दिसत असतो आणि व्यापारी बांधावर उभा राहून त्याच्या खाली मागतो. तयार घड झाडावर किती दिवस ठेवणार? घडाच्या दांड्याचं वजन म्हणून कापतात ती घट वेगळी.

बागायतदार : भाऊ, अर्धंच सांगताय. २०२० च्या पावसाळ्यात सीएमव्हीने (कुकुंबर मोझॅक या विषाणूच्या रोगाने) आपल्याच पट्ट्यात बागा गेल्या. हा रोग मावा पसरवतो आणि काकडीवर्गीय वेलांवर तो टिकून राहतो, तरी बागेशेजारी काकडी-गिलकी होतीच. पिवळे पट्टे दिसल्याबरोबर रोप उपटून गाडायचं, तर लोक 'पान सुधारेल' म्हणून थांबले. तेवढ्यात शेजारच्या ओळी गेल्या. हे जुन्या अनुभवातून कळत नाही, शिकावंच लागतं. सोलापूरकडे कंदर-टेंभुर्णीचा माल परदेशी जातो तो घडाची निगा राखल्यामुळे. डागी मालाला व्यापारी खाली मागणारच.

नफ्याने करणारा : दादा, निगा कशी राखायची ते मलाही माहीत आहे. पैसा कुठून आणू? मी दुसऱ्याची जमीन नफ्याने, म्हणजे भाड्याने करतो, तोंडी बोलीवर. सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून पीककर्ज नाही. नोंदणीकृत करार असेल तर फळपीक विमा मिळतो, पण मालक करार करून देत नाही. ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं, खत, औषध, सगळं उधारीवर. ग्रँड नैन ही केळीची जात साधारण वर्षभरात कापणीला येते, तोवर दुकानदार थांबतो. मग त्याची उधारी फेडायला कटाईला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. घडावर पिशवी घालायची ती कोणत्या पैशाने?

बागायतदार : तुमची अडचण खरी आहे, तोंडी बोलीवाल्याचा विचार मी केला नव्हता. पण स्वतःचा सातबारा असलेले किती जण रोगट रोप वेळेवर काढतात? त्याला तर फक्त मजुरी लागते.

तापीकाठ : काढायला मजुरी, पण ती जागा रिकामी राहते त्याचं काय? नुकसानभरपाई पंचनाम्यावर ठरते आणि पंचनाम्याआधी रोप उपटलं तर दाखवणार काय? म्हणून माणूस थांबतो. मूळ मुद्दाही सुटलेला नाही. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तिथल्या खरेदीवर समितीचं नियंत्रण राहिलं नाही. बांधावरच्या सौद्याला आता विचारणारं कुणी नाही.

नफ्याने करणारा : निदान वजन, कपात आणि भाव लिहिलेली पट्टी गाडी भरतानाच हातात मिळावी. ती दाखवली तर दुकानदार तरी पुढच्या लागवडीला उधार देईल.