सीटी स्कॅनमधला पांढरा ठिपका आणि आज्ञाचक्र

प्रश्न (सांगली)
नमस्कार. वडिलांना (वय ६८) गेल्या महिन्यात चक्कर आली, म्हणून मिरजेत डोक्याचा सीटी स्कॅन केला. काळजीचे कारण नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र रिपोर्टच्या शेवटी पिनियल ग्रंथीत कॅल्शियम साठल्याचे लिहिले आहे. वडील वीस वर्षे पहाटे ध्यानाला बसतात. ‘तुमचा तिसरा डोळाच बंद पडला’ असे त्यांच्या सोबतच्या एका साधकांनी सांगितल्यापासून आसन गुंडाळून कपाटावर ठेवले आहे. ही ग्रंथी काय करते? आज्ञाचक्र म्हणजे तीच का?

उत्तर (मिरज, क्ष-किरण तंत्रज्ञ)
ताई, हा मोहरीएवढा पांढरा ठिपका प्रौढांच्या स्कॅनमध्ये आम्हाला रोज दिसतो आणि तो एकटा असेल तर आजार मानला जात नाही. सीटी नव्हते तेव्हा साध्या एक्स-रेवर हाच ठिपका मध्यरेषेवरून सरकला आहे का, हे पाहून मेंदूतील गाठीचा अंदाज बांधत असत. चक्कर पुन्हा आली तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

उत्तर (सातारा, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)
पिनियल ग्रंथी मेंदूच्या मधोमध, खोलवर असते आणि तिचे वजन जेमतेम ०.१ ग्रॅम भरते. अंधार पडल्याची वर्दी डोळ्याच्या पडद्याकडून मेंदूतील जैविक घड्याळाकडे, तेथून पाठीच्या कण्यात उतरून मानेतील चेतागुच्छातून पुन्हा वर, अशा लांबच्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचते आणि मग ती सेरोटोनिन या रसायनापासून मेलाटोनिन हे संप्रेरक तयार करून शरीराला रात्र झाल्याचे कळवते. हे मेलाटोनिन १९५८ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी वेगळे काढले. न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याच्या माथ्यावर भिंग आणि दृष्टिपटल असलेला तिसरा डोळा खरोखरच असतो. माणसाच्या पिनियलला स्वतःला काही दिसत नाही.

आता आज्ञाचक्र. पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपण’ (१५७७) या ग्रंथात ते भुवयांच्या मध्ये, दोन दलांचे आणि मनाचे स्थान म्हणून वर्णिले आहे; तेथे ग्रंथीचा उल्लेख नाही. पिनियलशी तिसऱ्या डोळ्याचे नाते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थिऑसॉफी या गूढवादी चळवळीच्या लेखनातून रूढ झाले. त्यापूर्वी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी हीच ग्रंथी आत्म्याचे मुख्य आसन मानली होती, पण तो विचार युरोपातला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णनही साधकाच्या अनुभवाचे आहे. माझ्या मते चक्र हे ध्यानाचे स्थान आहे आणि ग्रंथी हा अवयव आहे. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला लावून एका ज्येष्ठ माणसाची वीस वर्षांची साधना थांबवणे मला फार अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर, वडिलांना हे वाचून दाखवले. पहाटे चारला ट्यूबलाइट लावून बसलेले चालेल का, असे ते विचारतात.

उत्तर (सातारा)
प्रखर उजेडाने मेलाटोनिन लगेच कमी होऊ लागते, म्हणून उजाडेपर्यंत निरंजनाचा उजेड पुरे. चक्कर येऊन गेली आहे, तेव्हा आसनावरून उठताना त्यांनी भिंतीचा आधार घ्यावा.